तक्रारीची वेगळी वाट : संगणकातील तिसऱ्या प्रवाहाचा इतिहास

१/ २>&१

लिनक्स, मॅक आणि विंडोजवर रोज चालणाऱ्या असंख्य स्क्रिप्टांत ही चार चिन्हे आढळतात. (येथे अंक देवनागरीत दिले आहेत, यंत्राला ते इंग्रजी अंकांतच द्यावे लागतात.) बहुतेकांनी ती दुसऱ्या कुणाच्या स्क्रिप्टमधून जशीच्या तशी उतरवून घेतलेली असतात. या चिन्हांमागे छायाचित्रणाचा वाया गेलेला कागद आहे, एका प्रयोगशाळेतील कुरकुर आहे आणि एक जुना प्रश्न आहे : चूक झाली, तर ती कुणाला कळावी? त्या प्रश्नाचा हा इतिहास. 🧵

२/ आधी मूळ अडचण समजून घेऊ. कोणताही प्रोग्राम दोन प्रकारचे बोलतो. एक, मागितलेले उत्तर. दुसरे, काम न झाल्याची तक्रार. फाइलींची यादी मागितली, तर यादी हे उत्तर. ‘अशी फाइल नाही’ ही तक्रार. समोर माणूस बसलेला असेल, तर दोन्ही एकाच पडद्यावर उमटूनही काही बिघडत नाही; डोळा ती आपोआप वेगळी करतो. पडद्याच्या जागी फाइल किंवा दुसरा प्रोग्राम आला की हा निवडणारा डोळा नाहीसा होतो.

३/ १९६० च्या दशकात हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि काही वेळाने छापील कागद घेऊन जायचे, अशी रीत होती. आयबीएमच्या ओएस/३६० प्रणालीत कामाला लागणारी प्रत्येक फाइल स्वतंत्र कार्डावर आधी जाहीर करावी लागे. फोरट्रानमध्ये ५ हा क्रमांक कार्डवाचकाचा आणि ६ हा छपाईयंत्राचा, असा संकेत रूढ होता. उत्तर असो वा तक्रार, अखेरीस वाचणारा माणूसच असे.

४/ चित्र पालटले ते न्यू जर्सीतील मरे हिल येथे. बेल लॅब्ज १९६९ मध्ये मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बाहेर पडली आणि केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स उभारायला घेतली. तिची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. मल्टिक्समध्ये आउटपुट दुसरीकडे वळवण्यासाठी आदेशांची मालिका द्यावी लागे. युनिक्समध्ये तेच काम > या एका चिन्हाने होऊ लागले.

५/ या सोयीचे मर्म असे की, आपले आउटपुट कोठे जाते हे प्रोग्रामला ठाऊक नसते. त्याच्या हाती उघडलेल्या वाटांचे क्रमांक असतात. यांना फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० म्हणजे आत येणारी वाट, १ म्हणजे बाहेर जाणारी. ती बाहेरची वाट पडद्याला जोडायची, फाइलला की छपाईयंत्राला, हे शेल ठरवतो. आरंभी सर्वांच्या वाट्याला याच दोन वाटा होत्या. तक्रारही १ क्रमांकाच्या वाटेनेच बाहेर पडे.

६/ बेल लॅब्जमधील डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात इच्छा नोंदवली होती की, बागेतील पाण्याच्या नळ्यांसारखे प्रोग्राम एकमेकांना जोडता यावेत. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ती पुरी केली आणि ‘पाइप’ अवतरला. आता एका प्रोग्रामचे आउटपुट थेट दुसऱ्याच्या तोंडी पडू लागले. त्याबरोबर तक्रारीही जाऊ लागल्या. नावांची यादी वर्णानुक्रमे लावणाऱ्या प्रोग्रामकडे ‘फाइल उघडत नाही’ हे वाक्य पोहोचले, तर तो तेही एक नाव समजून यादीत योग्य जागी बसवी. निवडणारे कुणी नाही आणि गव्हाबरोबर खडेही दळले जात आहेत, अशी ही अवस्था.

७/ मग उपाय लगेच का झाला नाही? कारण दोन वाटांची रचना अतिशय सुटसुटीत होती. एक आत, एक बाहेर : यात तिसरी घालणे म्हणजे त्या साधेपणाला धक्का. मॅकिलरॉय यांनी १९८७ मध्ये युनिक्सच्या वाटचालीचा आढावा घेताना नोंदवले आहे की, त्रास जाणवत असूनही लोकांनी तो १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत चालवून घेतला. सुंदर रचनेच्या मोहाने गैरसोय सोसली जाते, याचे हे चांगले उदाहरण.

८/ त्याच काळात प्रयोगशाळेत ग्राफिक सिस्टिम्स कंपनीचा ‘सी/ए/टी’ हा फोटोटाइपसेटर होता. शिशाचे खिळे जुळवण्याऐवजी हे यंत्र प्रकाशाने अक्षरे उमटवी. फिरत्या ड्रमवरील फिल्मवर चार टंक असत, प्रत्येकात १०२ चिन्हे. दिव्याच्या लखलखाटाने हवे ते अक्षर प्रकाशसंवेदी कागदावर पडे. त्यासाठी जो ओसाना यांनी ‘ट्रॉफ’ हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहिला होता.

९/ मात्र यंत्रातून निघालेल्या कागदावर लगेच काही दिसत नसे. ती लांबरुंद पट्टी उग्र वासाच्या रसायनयंत्रातून काढावी लागे आणि त्यात काही मिनिटे जात. ‘याक’ या प्रसिद्ध साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांनी पुढे अनेक दशकांनी एक आठवण सांगितली. एका दुपारी अनेकांना सारखाच अनुभव आला. कागद धुऊन हाती घेतला, तर त्यावर एकच ओळ, तीही सुबक टंकात छापलेली : अमुक फाइल उघडता येत नाही.

१०/ कुरकुर झाली, आणि जॉन्सन सांगतात त्याप्रमाणे ती योग्य माणसांच्या कानांवर पडेल इतकी मोठ्याने झाली. दोन-तीन दिवसांतच तिसरी वाट तयार झाली. मॅकिलरॉय यांच्या नोंदीनुसार हा गुंता सोडवणारे होते डेनिस रिची. या वाटेला क्रमांक मिळाला २ आणि नाव मिळाले ‘स्टँडर्ड एरर’. आता उत्तर फाइलीत गेले, पाइपमधून गेले किंवा फोटोटाइपसेटरकडे गेले, तरी तक्रार मात्र माणसाच्या पडद्यावरच उमटणार होती.

११/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून दोन साक्षी ताडून पाहाव्यात. मॅकिलरॉय कारण देतात पाइपचे. जॉन्सन देतात वाया गेलेल्या कागदाचे. एक साक्ष संपूर्ण प्रणालीकडे पाहणाऱ्याची आहे, दुसरी त्या दुपारी हात ओले झालेल्याची. दोन्हींत विरोध असण्याचे कारण नाही. पाइपमुळे दुखणे जुनाट झाले होते. कागदाच्या खर्चाने ते असह्य झाले. दीर्घकालीन कारण आणि तात्कालिक निमित्त यांचा जो भेद युद्धांच्या इतिहासात शिकवला जातो, तोच येथेही लागू पडतो.

१२/ तिसरी वाट मिळाल्यावर लगेच दुसरी उणीव उघडी पडली. पाइपने जोडलेले पाच प्रोग्राम एकाच वेळी चालू आहेत आणि पडद्यावर आले, ‘फाइल उघडत नाही’. पण म्हणणारा कोण? त्यामुळे तक्रारीच्या आरंभी प्रत्येक प्रोग्रामने स्वतःचे नाव सांगावे, असा दंडक आला आणि जुने प्रोग्राम त्यानुसार दुरुस्त करण्याचे काम सुरू झाले. मॅकिलरॉय यांच्या मते ते कधीच पुरते संपले नाही. निनावी तक्रारी आजही आढळतात.

१३/ थॉम्पसन यांच्या जुन्या शेलमध्ये ही तिसरी वाट वळवण्यासाठी चिन्हच नव्हते. ते दिले स्टीव्ह बोर्न यांच्या शेलने, जो जानेवारी १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. > च्या आधी क्रमांक लिहायचा. ‘२>नोंदी’ म्हणजे दोन क्रमांकाची वाट ‘नोंदी’ या फाइलीत सोड. ‘२>&१’ म्हणजे दोन क्रमांकाची वाट, एक क्रमांकाची सध्या जिकडे जाते तिकडेच वळव. यातील ‘सध्या’ हा शब्द कळीचा आहे.

१४/ शेल ही चिन्हे डावीकडून उजवीकडे वाचतो. ‘>फाइल २>&१’ असे लिहिले, तर आधी एक क्रमांक फाइलीकडे वळतो आणि मग दोन त्याच्यामागून जातो. ‘२>&१ >फाइल’ असे लिहिले, तर दोन क्रमांक आधी पडद्याकडे जातो, कारण त्या क्षणी एक क्रमांक पडद्याकडेच असतो; नंतर एकटा एक फाइलीकडे जातो. दोन मागेच राहतो. येथे वाटेची त्या क्षणीची नक्कल होते, दोन वाटांची कायमची गाठ पडत नाही. हे न उमगल्याने नवशिके आजही ठेचकाळतात.

१५/ याच सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ‘सी शेल’ लिहिला. त्याने क्रमांकांचा प्रपंच टाकून >& हे एकच चिन्ह दिले : दोन्ही वाटा एकत्र वळव. लिहायला सोपे, पण केवळ तक्रारी वेगळ्या काढायच्या असतील तर सरळ मार्ग नाही. उत्तर आधी कंसाच्या आत फाइलीकडे वळवायचे आणि कंसाबाहेर उरलेले दुसऱ्या फाइलीत घ्यायचे, अशी कसरत करावी लागे. १९९० च्या दशकात टॉम ख्रिश्चनसेन यांनी सी शेलमध्ये स्क्रिप्ट लिहू नयेत असे बजावणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यातही ही उणीव ठळकपणे मांडली होती.

१६/ डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीने वेगळाच विचार केला. तेथेही आउटपुटला एक नाव आणि त्रुटींना दुसरे नाव होते. मात्र ती दोन ठिकाणे भिन्न असतील, तर प्रणालीचा त्रुटिसंदेश दोन्हीकडे लिहिला जाई. शिवाय प्रत्येक संदेशाच्या आरंभी तो कोणत्या घटकाकडून आला, किती गंभीर आहे आणि त्याची संक्षिप्त ओळख काय, हे ठरावीक साच्यात येई. युनिक्सने तक्रार वळवण्याचे स्वातंत्र्य दिले. व्हीएमएसने ती नजरेआड होणार नाही याची तजवीज केली. दोन्ही भूमिकांमागे समंजस विचार होता.

१७/ घराघरांत पोहोचलेल्या संगणकांवर मात्र तिसरेच घडले. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये मायक्रोसॉफ्टने युनिक्सच्या धर्तीवर क्रमांकांच्या वाटा आणल्या. कंपनीकडे झेनिक्स ही स्वतःची युनिक्स होतीच. डॉसमध्ये पाच वाटा आधीच उघडून मिळत : आत, बाहेर, त्रुटी, जोडउपकरण आणि छपाईयंत्र. तिसरी वाट होती, तिचा क्रमांकही २ होता. पण आदेश स्वीकारणाऱ्या ‘कमांड डॉट कॉम’ला ती वळवता येत नसे. चिन्हे होती ती <, >, >> आणि | एवढीच. रस्ता होता, पण त्यावर वळणाची पाटी नव्हती.

१८/ ही पाटी ‘सीएमडी’ या नव्या शेलमुळे विंडोज एनटीच्या घराण्यात आली आणि तीही बोर्न यांच्याच लिपीत : २>&१. पण विंडोज ९५ व ९८ मध्ये जुनाच शेल राहिला. तेथे तीच ओळ दिली, तर ‘२’ हा अंक आदेशाचाच एक भाग मानला जाई आणि तक्रारीऐवजी उत्तर वळे. अक्षरांत काडीचाही फरक नाही आणि परिणाम मात्र उलटा, ही एका प्रणालीवरून दुसरीवर स्क्रिप्ट नेणाऱ्यांची खरी डोकेदुखी होती. नको असलेले आउटपुट टाकण्याची जागाही वेगवेगळी : युनिक्सवर ‘/डेव्ह/नल’, विंडोजवर नुसते ‘नल’. विंडोजचे नाव युनिक्सवर वापरले, तर गुपचूप ‘नल’ नावाची फाइलच तयार होते.

१९/ १९९२ च्या पॉझिक्स मानकाने शेलचे नियम लिहून काढले आणि बोर्न यांची लिपी अधिकृत ठरली. तरी ‘बॅश’ या लोकप्रिय शेलने &> ही सोपी चिन्हजोडी आपल्यापुरती दिली. लिनक्सवर बहुधा बॅशच असल्याने लोक ती सर्रास वापरू लागले. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू ६.१० ने मूळ शेल म्हणून चपळ ‘डॅश’ स्वीकारला. डॅश &> चे दोन तुकडे करतो : & म्हणजे काम पार्श्वभूमीत सोड, आणि > म्हणजे फाइल रिकामी कर. स्क्रिप्ट चालते, कुणी ओरडत नाही आणि नोंदींची फाइल कोरी राहते.

२०/ मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पॉवरशेल आणला, तेव्हा तक्रार ही अक्षरांची ओळ न राहता वस्तू झाली : आत कारण, ठिकाण, प्रकार यांची माहिती असलेली. पुढे वाटाही वाढल्या. ३ क्रमांक सावधगिरीच्या सूचनांचा, ४ तपशीलवार निवेदनाचा, ५ दोषशोधनाचा. नंतर ६ सर्वसाधारण माहितीचा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये मात्र बाहेरच्या प्रोग्रामची दोन क्रमांकाची वाट वळवली की तिच्यातील प्रत्येक ओळीला त्रुटीचा शिक्का बसे, मग ती ओळ निरुपद्रवी का असेना.

२१/ आणि तशा निरुपद्रवी ओळी पुष्कळ असतात. ‘कर्ल’ फाइल उतरवून घेताना किती काम झाले हे याच वाटेने सांगतो. ‘डीडी’ आपला हिशेबही येथेच मांडतो. कारण उत्तरात मिसळू नये असे सारे बोलणे येथे येते. म्हणून दुसऱ्या वाटेवर काही आले म्हणजे काम बिघडलेच, असे नाही. आणि काही आले नाही म्हणजे काम झालेच, असेही नाही. यश-अपयश कळते ते प्रोग्राम संपताना देतो त्या अंकावरून : शून्य म्हणजे यश. त्या अंकाची वाट वेगळी आहे.

२२/ नोंदी वाचणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. सी भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात उत्तराच्या ओळी फाइलीकडे जाताना साठवून एकगठ्ठा लिहिल्या जातात; तक्रार मात्र साठवून न ठेवता लगेच बाहेर पडते. त्यामुळे २>&१ ने दोन्ही एका फाइलीत घेतल्यास, शेवटी घडलेली चूक फाइलीच्या आरंभी दिसू शकते. दप्तरातील कागदांचा क्रम हा घटनांचाच क्रम असे धरून चालू नये, हा धडा येथेही उपयोगी पडतो.

२३/ आता या इतिहासाची काळी बाजू. ठरलेल्या वेळी आपोआप कामे करणारा ‘क्रॉन’ कामातून काही आउटपुट आले तर मालकाला ईमेल पाठवतो. रोजच्या टपालाला कंटाळून लोक ओळीच्या शेवटी जोडतात : ‘>/डेव्ह/नल २>&१’. उत्तर आणि तक्रार, दोन्ही केराच्या टोपलीत. टपाल थांबते, मन शांत होते. पुढे त्या कामात बिघाड झाला तरी स्क्रिप्ट मूग गिळून बसते. कुरकुरीतून जन्मलेली वाट कुरकुर दडपण्यासाठी वापरली जाते, हा विरोधाभास खराच.

२४/ वाट मोकळी असून ऐकणारा नसेल तरी परिणाम तोच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसली गेली. राखीव प्रती शोधल्या, तेव्हा त्या ठेवण्याची जागा रिकामी निघाली. प्रत घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. त्यामुळे प्रत घेण्याचे काम अपयशी ठरत होते. क्रॉन त्याची ईमेलही पाठवत होता, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्याने त्या ईमेल नाकारल्या जात होत्या. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वीची दुसरी एक प्रत हाती होती. मधल्या वेळेतील माहिती गेली. कंपनीने हा सारा वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला, हे विशेष.

२५/ मरे हिलच्या त्या दुपारी कागद वाया गेला, पण चूक निदान वाचता आली. नंतरच्या पन्नास वर्षांत प्रत्येक प्रणालीने तक्रारीची वाट आपापल्या पद्धतीने आखली : कुणी क्रमांक दिला, कुणी दोन्हीकडे लिहिले, कुणी वाट असून वळण दिले नाही. तिच्या दुसऱ्या टोकाशी कोण बसणार, हे मात्र कोणत्याही शेलला ठरवता आले नाही. २>&१ लिहिताना आधी पाहावे ते हेच : १ सध्या कोठे जाते आहे आणि तेथे वाचणारे कुणी आहे का.

#तंत्रज्ञानाचा_इतिहास #युनिक्स